कोंडाजीचा खडक

सबनीससाहेबांनी पाण्यातून डोकं वर काढलं, काचेचा चष्मा कपाळावर सरकवला, तोंडातली रबरी नळी काढून हातात धरली आणि लाँचकडे बघत ते म्हणाले, "काहीच दिसत नाही हो, कोळी."

आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. साहेब रागावले असते तर ओशाळं हसून वेळ मारून नेता आली असती. ऑफिसात सात वर्षं चंदर कोळी तेच करत आला होता. पण साहेब नुसते कंटाळले होते. एखादी फाईल अर्धवट चाळून बाजूला सारताना त्यांचा चेहरा असाच होई, आणि बाजूला सारलेल्या फाईलचं पुढे काय होतं ते चंदरइतकं ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. लाँचच्या काठाला पोट टेकून, दोन्ही हात पुढे करून तो साहेबांना वर ओढून घ्यायला वाकला होता. खाली पाणी हिरवट, मातकट. त्याच्या बापजाद्यांचा दर्या. जन्मात पहिल्यांदा त्याला त्या पाण्याची लाज वाटली. घरी पाहुणे यावेत आणि भिंतीला ओल सुटलेली त्यांना दिसावी, तसं काहीसं त्याला झालं. "किनाऱ्याजवळ जरा गढूळ असतं, सर," तो म्हणाला. साहेबांचा ओला, केसाळ हात त्याच्या हातात आला, आणि त्याने तो जपून, दोन्ही हातांनी धरला.

विमा कंपनीच्या त्या सेक्शनची सहल दरवर्षी निघे. गेल्या वर्षी चीनशी लढाई झाली म्हणून निघाली नव्हती. दोन वर्षांची हौस एकदम फेडून घ्यायची असं ठरलं आणि सगळे चंदरकडे बघू लागले. कोळी म्हणजे समुद्र, हे त्यांचं साधं गणित. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की कोंडाजी नाखव्याचा हा धाकटा मुलगा होडीत पाय ठेवला की आतडी ओकायचा, आणि म्हणूनच बापाने त्याच्या हातात वल्ह्याऐवजी पाटी दिली. पण चंदरनेही ते कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात त्याच्या नावावर एवढी एकच जमीन होती: मासळी कशी ओळखायची, भरती कधी, ओहोटी कधी, वारा फिरला म्हणजे काय. हे तो तोंडभर सांगे, लोक डबे खाता खाता ऐकत, आणि तेवढ्यापुरता तो कुणीतरी असे. तेव्हा बोट, एस.टी., मध्ये खाडी उतरायला तरीची होडी, पुन्हा एस.टी. अशी मजल दरमजल करत सोळा माणसं त्याने मुरुडला आणली, नारळीच्या बागेतल्या लॉजवर उतरवली आणि सकाळी गावातल्या हिरामणच्या लाँचवर चढवली. सोबत ट्रान्झिस्टर होता, दोन टोपल्या शहाळी होती, टिपणिसाने गुपचूप आणलेल्या आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या बिअरच्या बाटल्या होत्या. आणि साहेबांचा तो चष्मा होता.

चष्मा त्यांच्या मेव्हण्याने मोंबासाहून पाठवला होता. काळ्या रबराची चौकट, पुढे जाड काच, आणि तोंडात धरायची वाकडी नळी. नळीच्या वरच्या टोकाला छोट्या पिंजऱ्यात टेबलटेनिसचा चेंडू, लाट आली की तो वर उचलला जाऊन भोक बंद करणार. पाण्यावर पालथं पडून राहायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि खालची दुनिया बघायची. मेव्हण्याने पत्रात लिहिलं होतं, की आपण आजवर समुद्राचं नुसतं झाकणच बघत होतो. हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं होतं, की दोन महिने सेक्शनमध्ये प्रत्येकाने ते निदान तीनदा ऐकलं होतं. चष्मा टेबलावर ठेवून, काच रुमालाने पुसत साहेब म्हणाले होते, "काय कोळी, तुमच्या गावी चालेल ना हे?" आणि चंदर म्हणाला होता, "का नाही चालणार, सर." हेडक्लार्कची जागा नोव्हेंबरपासून रिकामी होती. सहलीहून परत गेलं की त्याच आठवड्यात साहेब वर नाव पाठवणार होते. एक तर टिपणिसाचं, नाही तर चंदरचं. हे सहलीत कुणी बोलत नव्हतं, पण सकाळपासून टिपणीस साहेबांचा टॉवेल खांद्यावर टाकून फिरत होता, आणि त्या टॉवेलावरून चंदरची नजर हलत नव्हती.

"झाकण बरं म्हणायचं, आत हे असेल तर," टिपणीस आता म्हणाला आणि बायकांमध्ये हशा पिकला. टायपिस्ट मिस चित्रे म्हणाल्या, चहात डोकं घालून बघितल्यासारखं झालं असेल नाही सर? सबनीसबाई म्हणाल्या, मी तरी सांगत होते, माथेरानला जाऊ या. साहेब टॉवेलात डोकं पुसत हसले, पण ते हसणं चंदरच्या वाटचं नव्हतं. लाँच वळवावी का, असं हिरामणने सुकाणूपाशी बसूनच विचारलं. अजून अकरासुद्धा वाजले नव्हते.

चंदरला आदल्या संध्याकाळची आठवण आली. तो ती सकाळपासून टाळत होता. सगळ्यांना लॉजवर उतरवून तो पाऊण तासासाठी कोळीवाड्यात घरी गेला होता. थोरला भाऊ धर्माजी ओट्यावर दोरीला गळ बांधत बसला होता, कमरेला तोच तिकोनी रुमाल, अंगात काही नाही, पाठ काळी आणि मिठाने पांढुरकी. वहिनी, सगुणा, भाकरी थापता थापता बाहेर येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. किती माणसं आहेत, कुठे उतरली आहेत, सगळं विचारून झाल्यावर धर्माजी म्हणाला, "माजा मचवा हाय की. त्यातनं नेतो तुज्या साहेबांना. सकाली धुवून लख करतो." चंदर म्हणाला, साहेबांना इंजिनाची लाँच हवी आहे, शिडाच्या होडीत बायका घाबरतील. धर्माजीने लगेच मान डोलावली. "व्हय, तेबी खरा." त्याला ते अगदी पटलं, आणि पटलेलं बघून चंदरला जास्तच वाईट वाटलं. कारण खरी गोष्ट बायकांची नव्हती. त्या रुमालातला, उघडा, मासळीच्या वासाचा धर्माजी साहेबांच्या शेजारी उभा राहून "मी चंदरचा मोठा भाव" असं म्हणेल, एवढं एकच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे मुंबईपासून होतं. हिरामण खाकी हाफपँट घालतो, मोडकं का होईना हिंदी बोलतो. म्हणून हिरामणची लाँच. माणूस एवढ्याशा कारणाने आपल्या माणसाला तोडतो, आणि वर ते कारण भाकरीबरोबर गिळूनही टाकतो. सगुणावहिनीने वाढलेली भाकरी त्याने चांगली दोन मिनिटं चावली होती.

"इथे कुठेच स्वच्छ पाणी नाही का?" साहेबांनी हिरामणला विचारलं. "खडक वगैरे? मेव्हण्याने लिहिलंय, खडक असला की मासे असतात."

"न्हाय साहेब," हिरामण म्हणाला. "सगला गाळ हाय. खडक हाय तो किल्ल्याच्या बुडाला, तिथं लाट फुटते. बुडी माराची जागा न्हाय ती."

हे हिरामण खरंच सांगत होता. त्याला ठाऊक नव्हतं. साऱ्या मुरुडात ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि तो धर्माजी. दुसरा होता तो पाण्याला पाठ करून मुंबईला गेला होता. "एक जागा आहे, सर," चंदर म्हणाला. तो आवाज आपला आहे हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. साहेबांनी टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. आणि सुकाणूपाशी हिरामणने बिडी ओढता ओढता ती तोंडातून काढली, विझवली, कानामागे ठेवली.

त्यांच्या घरचा तो खडक चंदरच्या आज्याला सापडला होता. किनाऱ्यापासून दोन कोस आत, सगळीकडे चिखलाचा तळ आणि मध्येच पाण्याखाली बुडालेला एक खडक, वरून काही म्हणजे काही खूण नाही. तांब, हेकरू, असली खडकाची मासळी तिथे बारा महिने. दर्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून जागा धरायची ती जमिनीवरच्या खुणांनी: नवाबाच्या वाड्याचा घुमट मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे, आणि दुसऱ्या अंगाला दर्यातल्या कासा किल्ल्याच्या डाव्या बुरजाआड किनाऱ्यावरचा एकुलता ताड आला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जुळले की खाली खडक. एक खूण कळून उपयोग नाही, दोन्ही हव्यात. कोंडाजीने हे दोघा मुलांना सांगितलं ते चंदर नऊ वर्षांचा असताना, खडकावर मचवा नांगरून. जमिनीवर ही गोष्ट तोंडातून काढायची नाही, कारण जमिनीवर कुडाला कान असतात. ती दर्यावरच ऐकायची आणि पुढे दर्यावरच आपल्या मुलाला सांगायची. शपथ म्हणून ओंजळीत खारं पाणी घेऊन दोघांनी प्यायलं होतं. धर्माजीने घटाघटा प्यायलं. चंदरला लगेच उलटी झाली, आणि बाप हसून म्हणाला, ह्याच्या पोटात गोष्ट तरी राहते का बघू. गोष्ट राहिली होती. पंचवीस वर्षं राहिली. त्याने ती बायकोलाही सांगितली नव्हती. मोठेपणा नव्हता त्यात. तिला मासळीचा वास चालत नसे आणि खडकाची गोष्ट निघण्याचं कारणच नव्हतं. हिरामणच्या बापाने मात्र उभी हयात त्या जागेपायी घालवली. कोंडाजीचा मचवा निघाला की तो मागून निघायचा, आणि हात हलवत परत यायचा. चंदरची शाळा, अलिबागचं वसतिगृह, मॅट्रिकची फी, मुंबईला नेलेली पहिली पॅंट, सगळं त्या खडकावर झालं होतं. बाप गेल्यावर ते धर्माजीने चालू ठेवलं. आता तर गावात चार लाँचा झाल्या होत्या, नायलॉनची जाळी आली होती, शिडाच्या मचव्याला उघड्या दर्यावर काही मिळेनासं झालं होतं. धर्माजीचं घर तेवढ्या एका खडकावर उभं होतं. हे चंदरला माहीत नव्हतं असं नाही. त्याला सगळं माहीत होतं. माहीत असूनच तो हिरामणला म्हणाला, "सरळ बाहेर घे. मी सांगतो."

त्याने स्वतःला समजावलं, की एक खूण मनात ठेवू. मी नुसता हाताने डावं-उजवं दाखवतो. हिरामणला काय कळणार? इंजिन धडधडत होतं, ट्रान्झिस्टरवर गाणं लागलं होतं, बायकांचे पदर उडत होते, आणि चंदर लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होता. त्याला आज मळमळत नव्हतं. सोळा माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. आपण बापासारखे उभे आहोत असं त्याला क्षणभर वाटलं, अगदी डोळ्यांवर आडवा हात धरून, आणि त्या क्षणी तो सुखात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. घुमट सरकत सरकत खाचेकडे आला. चंदरने मान वळवून दुसऱ्या अंगाला कासा किल्ल्याकडे बघितलं. बुरूज होता. बुरजामागे किनारा होता, पांढरी रेघ, हिरवी रेघ. ताड नव्हता.

त्याने पुन्हा बघितलं. हात डावीकडे केला, मग उजवीकडे. लाँच एका गोल फेऱ्यात फिरली, दुसऱ्या फेऱ्यात फिरली. सबनीसबाईंना गरगरायला लागलं. "काय कोळी, हरवली वाटतं जागा?" टिपणीस म्हणाला. साहेबांनी घड्याळ बघितलं. चंदरच्या काखेत घाम फुटला. पंचवीस वर्षांत त्याने एकदाही त्या ताडाची चौकशी केली नव्हती. त्या फिरक्यांत हिरामण चंदरच्या हाताकडे बघतच नव्हता. चंदरचे डोळे कुठे जातात ते बघत होता. आधी घुमटाकडे, मग कासाकडे. मग इंजिन त्याने अगदी हळू केलं, सुकाणू लाँचवरच्या आपल्या मेव्हण्याच्या, मोरूच्या हातात दिलं, नाळेपर्यंत चालत आला आणि चंदरच्या कानाशी, इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं, अदबीने म्हणाला, "ताड बघतोस काय? तो पडला सात सालामागं, वादलात. त्याचे जाग्यावं आता ह्या मोरूचा घर हाय. ती बघ लाल कवलं."

चंदरने मान हलवली असती, नाही म्हटलं असतं, जागा भलतीच आहे म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. एक शब्द. तो शब्द त्याच्या तोंडात आला होता आणि त्याच वेळी मागून साहेबांचा आवाज आला, "जाऊ द्या हो, कोळी. उगाच त्रास नको. आपण परत फिरू." चंदर म्हणाला, "हां, तीच. लाल कौलं बुरजाआड घे."

कौलं बुरजाआड गेली, घुमट खाचेत बसला. हिरामणने शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडली. चिखलात शिसं पडलं की दोरी गप्प होते. खडकावर पडलं की हाताला ठोका लागतो. हिरामणच्या बोटांना ठोका लागला तो चंदरने त्याच्या चेहऱ्यावर बघितला. हिरामण हसला नाही, डोळे मोठे केले नाहीत. त्याने दोरी दोनदा उचलून टाकली, मग सावकाश गुंडाळली. कपाळावर आलेला घाम पुसला. बापाचं श्राद्ध घालून उठलेल्या माणसासारखा तो थोडा वेळ उगाच पाण्याकडे बघत राहिला. मग मोरूला म्हणाला, "नांगर टाक."

पाणी खरंच निवळ होतं. साहेब चष्मा लावून उतरले, पालथे पडले, पिंजऱ्यातला चेंडू वरखाली नाचू लागला, आणि दोन मिनिटांनी त्यांनी डोकं वर काढून आरोळीच ठोकली. निळे! पिवळे पट्ट्यांचे! हा एवढा लाल! लाँचवर टाळ्या पडल्या. साहेबांनी चंदरला नाव घेऊन शाबासकी दिली, चारचौघांत, "चंद्रकांत" असं म्हणून. सात वर्षांत पहिल्यांदा ते "कोळी" म्हणाले नव्हते. टिपणिसाने टॉवेल खांद्यावरून काढून दोरीवर टाकला. चंदरचा जीव भांड्यात पडला. मग पाळीपाळीने सगळे उतरले, ज्यांना पोहता येत होतं ते मोकळे आणि येत नव्हतं ते कमरेला दोर बांधून. मिस चित्रेंनी नाकात पाणी गेलं म्हणून रडून घेतलं. कुणी बिअरची रिकामी बाटली खाली सोडून ती माशांना लागते का ते चष्म्यातून बघितलं. अर्ध्या तासात सगळ्यांचं बघून झालं. साहेब अंग पुसता पुसता म्हणाले, की छान आहे, पण मोंबासाला म्हणे याच्या शंभरपट, तिथे पोवळ्याची रानंच्या रानं आहेत. आणि मग त्यांनी डब्यात काय काय आहे ते विचारलं. अर्धा तास. त्यासाठी तीन पिढ्या.

"तुम्ही नाही बघणार?" सबनीसबाईंनी चंदरला विचारलं. आपलेपणाने विचारलं त्यांनी. चंदरने चष्मा लावला. रबराला साहेबांच्या खोबरेल तेलाचा वास होता. दोर धरून तो पाण्यात पालथा झाला, डोळे मिटूनच, आणि मग उघडले. खडक त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. त्यांच्या घराच्या ओट्याएवढा, फार तर दीड ओट्याएवढा. बापाने तो कधी बघितला नव्हता, धर्माजीनेही नाही. त्यांनी तो नुसता शिशाने चाचपला होता, चाळीस-पन्नास वर्षं. त्याच्या कपारीत दोऱ्या अडकून राहिल्या होत्या. तुटलेल्या, शेवाळलेल्या, काही अगदी नव्या. भोकं पाडलेले दगड होते, नांगराचे, एक, दोन, सात, कुणाच्या हातचे कोण जाणे. एक दगड आज्याचाही असेल. त्यांच्यावरून मासे इकडून तिकडे जात होते, सावकाश, अजिबात न भिता. त्यांना जाळं ठाऊक नव्हतं. नायलॉनचं एक जाळं खडकाभोवती लावायला आणि उचलायला इंजिनाच्या लाँचला एक सकाळ लागेल. दहा सकाळींनंतर इथे दगड उरतील. चंदरला त्या नळीतून आपला श्वास ऐकू येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, फार मोठा आणि दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. काचेच्या आत पाणी शिरलं की डोळ्यांतून आलं ते त्याला कळलं नाही. वर येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, की होय, छान आहे.

तो अंग पुसत होता तेव्हा मोरूने किनाऱ्याकडे हनुवटी केली. एक शीड येत होतं. मातकट, वरच्या कोपऱ्यात निळ्या कापडाचं ठिगळ लावलेलं. चंदरने ते ठिगळ ओळखलं. सगुणावहिनीचं लुगडं होतं ते. ओहोटी लागत होती, खडकावर यायची वेळ हीच. मचवा सरळ त्यांच्या रोखाने येत होता, आणि चंदरला वाटलं, आता लाँचखाली उडी मारावी. पण अर्ध्या कोसावर असताना मचव्याने तोंड फिरवलं. सहज, वाऱ्यासाठी फिरवावं तसं. मग शीड उतरलं. धर्माजीने नांगर टाकला, दोरी सोडली आणि टोपीवर फडकं बांधून तो बसला. तिथे, जिथे चिखलाशिवाय काही नाही.

हे चंदर विसरला होता. आसपास परकी होडी दिसली की बाप असंच करायचा. खडकाकडे ढुंकून बघायचं नाही. लांब, भलतीकडे नांगर टाकायचा आणि बसायचं. तास, दोन तास, बघणारा कंटाळून जाईपर्यंत. गळाला आमिषसुद्धा लावायचं नाही, फुकट कशाला घालवा. रिकामा गळ चिखलात सोडायचा, ओढायचा, पुन्हा सोडायचा. लहान चंदर विचारायचा, बाबा, आपण काय पकडतो? आणि बाप म्हणायचा, आपन त्यांना पकडतो. धर्माजीला ठाऊक होतं चंदर कुठल्या लाँचवर आहे ते. ती लाँच नेमकी खडकावर उभी आहे, हे त्याने लांबूनच दोन्ही खुणा जुळवून बघितलं असणार. आणि त्यावरून धर्माजीने काय ओळखलं? मुंबईच्या मंडळींनी हिरामणला दर्यात कुठेतरी थांबवलं, योगायोगाने इथेच. आणि आपला चंदर बिचारा वर बसून तोंड मिटून, धडधडत्या छातीने वाट बघतो आहे की ही माणसं कधी निघतात. म्हणून त्याने भावाला हात दिला. दुसरं काही त्याच्या मनात आलंच नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं चंदरला वाटलं. त्याने सरळ येऊन, लाँचला मचवा भिडवून, सोळा माणसांदेखत शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

जेवणं झाली. नांगर उचलायच्या आधी हिरामण एकदा घुमटाकडे बघत उभा राहिला आणि एकदा लाल कौलांकडे. घाई न करता, ओठ हलवत. मग लाँच निघाली. परतीची वाट मचव्यापासून पन्नास हातांवरून होती, आणि हिरामणने तिथे आल्यावर इंजिन मुद्दाम हळू केलं.

"काय रं धर्मा," त्याने हाक दिली. "गावतंय काय?"

"गावतंय की," धर्माजी म्हणाला. "बरा हाय आज. दोन तांब गावल्या."

लाँचच्या उंचीवरून मचव्याचा तळ दिसत होता. टोपली रिकामी होती, कोरडी होती. हिरामणलाही ती दिसत होती. "आसू दे, आसू दे," तो गंभीरपणे म्हणाला. "तुजी जागा हाय ती."

धर्माजीने मग वर बघितलं. सहलीत सगळ्यांना वाटलेली कागदी टोपी घातलेला, साहेबांच्या शेजारी बसलेला भाऊ त्याला दिसला, आणि तो हसला. लहानपणी आईने डब्यातला गूळ कुणी खाल्ला म्हणून विचारल्यावर दोघं एकमेकांकडे न बघता जसे हसायचे, तसा. बरोबर केलंस, असं त्या हसण्यात होतं. चंदरने हात वर केला.

"ओळखीचा दिसतो तुमच्या," सबनीससाहेब म्हणाले.

"भाऊ आहे माझा," चंदर म्हणाला. काल संध्याकाळपासून ज्या वाक्याची भीती होती ते इतकं सोपं निघालं.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं? मासे मिळतायत म्हणतोय ना तो? आपण तिथेही एकदा बघितलं असतं."

"नाही, सर," चंदर म्हणाला. "ती त्याची जागा आहे. ती कुणाला दाखवत नाहीत."

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. इंजिनाने वेग घेतला. मागे धर्माजीने रिकामा गळ ओढून घेतला, पुन्हा चिखलात सोडला, आणि लाँच पुरती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलणार नव्हता.